खिडकीतली चिखलाची बाटली

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात एक काम करावे. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा काळपट चिखल बादलीभर आणावा. त्यातले खडे, काड्या, शिंपले वेचून टाकावेत. वर्तमानपत्राच्या दोन पानांचे बारीक तुकडे, अंड्याच्या टरफलांची दोन चमचे पूड आणि फळ्यावर लिहायच्या दोन-तीन खडूंचा चुरा त्यात कालवावा. घट्ट पिठल्याइतपत झालेला हा चिखल दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत, मध्ये हवेचे फुगे राहू न देता, ठासून भरावा. वर चार बोटे त्याच ओढ्याचे पाणी ओतावे, तोंडावर प्लास्टिकचा कागद सैलसर बांधावा आणि बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवून द्यावी. अशाच आणखी दोन बाटल्या शेजारी ठेवाव्यात: दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली, तिसरी खडू न घालता भरलेली. खत घालायचे नाही, पाणी बदलायचे नाही, ढवळायचे तर मुळीच नाही. फक्त दर शनिवारी बाटलीचे रंगीत चित्र वहीत काढायचे.

पहिले पंधरा दिवस मुलांची निराशाच होते. सगळी चित्रे तपकिरी. मग पाण्याच्या कडेने हिरवी झाक येते. महिनाभरात तळाचा चिखल डांबरासारखा काळा पडतो. दोन महिन्यांच्या आसपास, खिडकीकडच्या बाजूला, त्या काळ्या थराच्या वर शेवाळी हिरवे डाग उमटतात आणि त्यांच्याही वर जांभळट लाल. पावसाळ्यातल्या कमी उजेडात याला थोडा उशीर होतो, पण रंग येतात.

हे रंग कोणी ओतलेले नाहीत. ते जिवाणूंच्या वस्त्यांचे रंग आहेत. तळाशी कागदाचे तुकडे कुजू लागले, की तिथला ऑक्सिजन संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. आपल्याकडचे खडू बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. तळाचे काही जिवाणू त्यातले सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. तो चिखलातल्या लोहाशी जुळला, की काळेभोर लोह सल्फाइड बनते. उरलेला वायू वर चढतो. वरून उजेड आणि खालून हा वायू, असे दोन्ही जिथे मिळते तिथे हिरवे आणि जांभळे गंधकजिवाणू वस्ती करतात. ते झाडांप्रमाणेच उजेडावर अन्न तयार करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, म्हणून त्यांच्याकडून ऑक्सिजन बाहेर पडत नाही. अगदी वरचे हिरवे सायनोबॅक्टेरिया मात्र पाणी वापरतात आणि ऑक्सिजन सोडतात. एकाने टाकलेले दुसरा उचलतो, आणि ज्याला जे मानवते त्या उंचीवर तो राहतो.

या बाटलीला विनोग्राड्स्कीचा स्तंभ म्हणतात. सर्गेई विनोग्राड्स्की १८५६ मध्ये कीव्हमध्ये जन्मले. तरुणपणी ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला गेले होते, तिथून ते विज्ञानाकडे वळले. १८८० च्या दशकात स्ट्रासबर्गला काम करताना त्यांनी गंधकाच्या झऱ्यात वाढणाऱ्या धाग्यांसारख्या जिवाणूंचा अभ्यास केला आणि १८८७ मध्ये दाखवून दिले, की काही जीव सूर्यप्रकाश किंवा तयार अन्न यांपैकी कशावरही विसंबत नाहीत. हायड्रोजन सल्फाइडसारख्या निर्जीव पदार्थाच्या रासायनिक बदलातून ते ऊर्जा मिळवतात. जीवसृष्टीबद्दलचा माणसाचा समज त्या दिवसापासून रुंदावला. हेच विज्ञान आपल्या वर्गात बाटली, चिखल आणि खडूच्या चुऱ्यात मावते.

पर्यावरणशास्त्र शिकवण्यातली खरी अडचण इथेच आहे. त्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मातीतले कुजणे, जमिनीत मुरणारे पाणी, जंगलातल्या प्राण्यांची संख्या यांतले काहीच नुसते पाहून कळत नाही. धड्यात हे सगळे असते आणि मुले ते पाठही करतात. पण जे कधी अनुभवले नाही त्यावर मन बसत नाही. हाताने केलेली कृती ही न दिसणारी गोष्ट दिसेल किंवा मोजता येईल अशा रूपात समोर आणते. आणि त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक गावात आहे.

पावसाचे माप, घागरीचे माप

बाटली खिडकीत रंग धरत असताना बाहेर पाऊस सुरू झालेला असतो. सरळ भिंतीची आणखी एक रिकामी बाटली घ्यावी, तिचा वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवावा. बुडाचा खोलगट भाग गोटे आणि पाण्याने भरून तिथे शून्याची खूण करावी आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. हे झाले पर्जन्यमापक. ते झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवावे. हवामान खात्याची पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते. मुलांनीही तीच वेळ पाळावी.

आता त्या आकड्याला अर्थ द्यायचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. शाळेच्या छपराने झाकलेली जागा ६० चौरस मीटर असेल आणि रात्रीत २५ मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर छपरावर १,५०० लिटर पाणी पडले. पंधरा लिटरच्या घागरीने मोजले तर शंभर घागरी. ज्या मुलीने उन्हाळ्यात आईबरोबर डोक्यावरून पाणी वाहिले आहे, तिला हा गुणाकार दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द दोन शाळांनी आपापल्या वह्या एकमेकींना पाठवल्या तर एका पावसाळ्यात कळतो.

याच दिवसांत तीन बाटल्या आडव्या कापून त्यांत माती भरावी. एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर वाळका पाला, तिसरीत दुर्वांसकट उचललेला मातीचा थर. तोंडे थोडी उतरती ठेवून तिन्हींवर झारीने सारखेच पाणी घालावे आणि खाली पेले ठेवावेत. उघड्या मातीच्या पेल्यात चहासारखे गढूळ पाणी साठते. दुर्वांच्या पेल्यात थोडेच पाणी येते, उशिरा येते, आणि ते पुष्कळ नितळ असते. जुलैतला ओढा तांबडा का होतो, याचे उत्तर मुलांच्या समोर तीन पेल्यांत उभे असते.

सुतळीची चौकट

श्रावणात रान तरारते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सुतळीची किंवा तारेची चौकट घेऊन मैदानाच्या कडेला जावे. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळावर रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी वनस्पती मोजण्यासाठी अशीच चौकट वापरली. तोवर ‘इथे पुष्कळ आहे, तिथे विरळ आहे’ असे अंदाजाने लिहिले जाई. ते मोजायला बसले तेव्हा लक्षात आले, की नुसत्या नजरेचा अंदाज फार चुकतो.

चौकट कुठे टाकायची हे मात्र आवडीवर सोडू नये. मुले नेमकी फुलांच्या जागेकडे धावतात. चिठ्ठ्या टाकाव्यात: इतकी पावले पूर्वेकडे, इतकी उत्तरेकडे. चिठ्ठी जिथे नेईल तिथे चौकट. मग आत काय काय आहे ते एकेक करून लिहायचे: दुर्वा, आघाडा, केना, टाकळा, गाजरगवत. ज्यांची नावे शिक्षकांना येत नाहीत त्यांचे चित्र काढून घरी न्यावे. मंगळागौरीची आणि गणपतीची पत्री गोळा करणाऱ्या आजीला यातली अर्धी झाडे ओळखता येतात, आणि कोणती भाजीला चालते तेही ती सांगते.

गाजरगवताला उघडा हात लावू नये, त्याने कातडीला त्रास होतो. ते इथले नाही. अमेरिका खंडातून आलेले हे झुडूप १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. पायवाटेजवळच्या चौकटीत ते किती आणि दूर कुंपणाजवळ किती, हे मोजले की ‘परकी आक्रमक वनस्पती’ म्हणजे काय ते वेगळे शिकवायला नको.

दगडफूल आणि पायाखालचे रान

गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. ते फूल नाही, एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर आणि ओलावा देते, शैवाल अन्न बनवते. मसाल्याच्या डब्यातला एक तुकडा भिंगाखाली ठेवावा, दोन थेंब पाणी टाकावे आणि तो मऊ होताना, उलगडताना पाहावा.

त्याची भावंडे झाडांच्या खोडांवर आणि कातळांवर असतात. १८६६ मध्ये विल्यम निलँडर यांनी लिहून ठेवले, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जे दगडफुलांचे प्रकार तग धरून आहेत ते शहराच्या इतर भागांत सापडत नाहीत. हवेच्या शुद्धतेचे ते एक मापच आहेत. दगडफुलाला मुळे नसतात, ते पोषण हवेतून आणि पावसातून घेते. त्यामुळे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्याला आधी बाधतो. गावाबाहेरच्या आंब्याच्या खोडावर किती आणि वाहतुकीच्या चौकातल्या आंब्यावर किती, हे मुलांनी मोजावे. झाड मात्र दोन्हीकडे आंब्याचेच हवे, उंची तीच हवी. साल आणि ओलावा बदलला तरी दगडफूल बदलते, म्हणून तुलना करताना बाकीच्या गोष्टी सारख्या ठेवायच्या असतात. विज्ञानाचा हा कणा मुले अशा वेळी शिकतात.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की मातीकडे वळावे. झाडाखालचा ओलसर पालापाचोळा ओंजळभर उचलावा. कापलेल्या बाटलीचे नरसाळे, त्यात मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, जाळीवर पाला, खाली ओला कागद घातलेला पेला आणि वर पेटता दिवा. इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये अशी युक्ती काढली, तेव्हा ते नरसाळे गरम पाण्याने तापवत. पुढे स्वीडनच्या आल्बर्ट तुलग्रेन यांनी विजेचा दिवा वापरला. वरून पाला तापतो आणि सुकतो, तसे त्यातले जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली सरकतात आणि पेल्यात पडतात. आजचे एलईडी दिवे तापत नाहीत, त्यामुळे ते इथे कामाचे नाहीत. जुना तारेचा दिवा शोधावा, किंवा नरसाळे उन्हात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी पेला भिंगाखाली धरला की वर्ग एकदम शांत होतो. आठ पायांचे, टाचणीच्या टोकाएवढे माइट. पोटाखाली दुमडलेली शेपटी सोडून टुणकन उडणारे कोलेम्बोला. एखादा नांगी नसलेला इवलासा आभासी विंचू. मुले रोज ज्याच्यावरून चालत जातात त्या पाल्यातून हे सगळे निघालेले असते. मोजून झाले की पेला त्याच झाडाखाली रिकामा करावा, म्हणजे जिथून आणले तिथे ते परत जातात.

पावट्यांची बरणी आणि ताडोबाचा वाघ

जंगलातले प्राणी एका रांगेत उभे राहत नाहीत. मग ते मोजतात कसे? यासाठी एक बरणीभर पावटे पुरतात.

मुलांनी बरणीतून ५० पावटे काढावेत, प्रत्येकावर शाईचा ठिपका द्यावा आणि परत टाकून बरणी चांगली हलवावी. आता न पाहता ६० पावटे काढावेत. समजा त्यात ६ ठिपक्यांचे निघाले. म्हणजे काढलेल्यांपैकी दहाव्या हिश्शावर ठिपका आहे. तर बरणीतल्या एकूण पावट्यांपैकीही साधारण दहाव्या हिश्शावर असणार. ठिपक्यांचे एकूण ५० आहेत, म्हणून बरणीत सुमारे ५०० पावटे. नंतर सगळे ओतून एकेक मोजावेत. उत्तर तंतोतंत जुळत नाही, पण जवळ जाते. दहा गटांनी हाच प्रयोग केला तर दहा वेगळी उत्तरे येतात, आणि त्यांची सरासरी खऱ्या आकड्याच्या आणखी जवळ सरकते. एका मोजणीवर विसंबायचे नसते, हे मुलांना आपल्याच आकड्यांतून पटते.

डेन्मार्कचे सी. जी. जे. पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून याच वाटेने अभ्यास केला. भारतात पूर्वी वाघांची गणना पाऊलखुणांवरून होत असे. त्यातल्या उणिवा उघड झाल्यावर २००६ पासून देशभरच्या गणनेत स्वयंचलित कॅमेरे आणि ही ‘पकडा, खूण करा, पुन्हा पकडा’ पद्धत आली. वाघाला खूण करावी लागत नाही, त्याच्या अंगावरचे पट्टे हीच त्याची खूण. ताडोबातल्या कॅमेऱ्यासमोरून तोच वाघ किती वेळा गेला आणि नवे किती आले, यावरचे गणित वर्गातल्या पावट्यांच्याच जातीचे आहे.

ओढ्याची नाडी

दिवाळीनंतर ओढा निवळतो. तेव्हा पाण्याकडे जावे. आधी पाणी किती गढूळ आहे ते पाहायचे. २० एप्रिल १८६५ रोजी इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती कुठल्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. आज सरोवरांसाठी २० सेंटिमीटरची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली तबकडी वापरतात. डब्याचे झाकण, रंग, गाठी मारलेली दोरी आणि तळाला बांधलेला दगड एवढ्यावर ती तयार होते. गावच्या तलावाच्या बांधावरून, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, ती तीन वेळा सोडावी.

मग ऑक्सिजन. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली रीत आजही प्रयोगशाळांत चालते. पाण्याच्या काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर पांढरा साका बसतो. ऑक्सिजन असेल तर तो साका तपकिरी होतो आणि जितका ऑक्सिजन जास्त तितका गडद. पुढच्या टप्प्यात तीव्र आम्ल लागते, ते शिक्षकांनीच हाताळावे. पण एवढा पहिला टप्पाही पुरेसा बोलका आहे: नितळ ओढ्याच्या पाण्याचा साका गर्द तपकिरी, सांडपाणी मिसळते तिथल्या पाण्याचा फिकट. न दिसणारा वायू दोन बाटल्यांत रंगाने दिसतो.

शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. म्हणून उन्हाळ्यात आधीच तुटवडा असतो. त्यात शेवाळाने भरलेल्या तळ्यात रात्रभर सगळे श्वास घेत राहतात आणि ऑक्सिजन तयार करायला ऊन नसते. अशा तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, ते यामुळेच. आंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असे आपल्याकडचे मानक आहे.

पाण्यातले किडेही साक्ष देतात. दगड उलटल्यावर मेफ्लायची, म्हणजे अल्पायुषी माशीची चपटी पिल्ले दिसली तर पाण्यात ऑक्सिजन चांगला असतो. नुसत्या लालभडक अळ्याच वळवळत असतील तर कमी असतो. त्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. थोड्या ऑक्सिजनवर निभावून नेण्याची ती सोय आहे. रसायन त्या क्षणाचे पाणी सांगते, पण हे किडे गेल्या कित्येक आठवड्यांचा इतिहास सांगतात.

या वाटेने आधी गेलेले

भारतात या रीतीने शिकवण्याचा मोठा प्रयत्न १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ उच्च प्राथमिक शाळांतून सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या साथीने तो उभा केला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने सांभाळला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे नसत. प्रयोग आणि प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडून बसता येई आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम थांबवला. पण पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून आकार बनवण्याची कल्पना त्यांनी तिथेच साकारली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांनी महाराष्ट्रातल्या मुलांचे हात कामाला लावले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे आदेश दिले. त्यानंतर महाविद्यालयांसाठी जो सामाईक अभ्यासक्रम आला, त्याच्या आठ घटकांपैकी शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा होता: गावचे जंगल, नदी किंवा टेकडी पाहणे, प्रदूषित जागा पाहणे, भोवतालची झाडे, कीटक, पक्षी ओळखणे. शंभरपैकी २५ गुण त्याला होते. कागदावर वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा घाईघाईने लिहिलेल्या प्रकल्पवहीत संपते आणि ज्या ओढ्याबद्दल वही भरते तो ओढा विद्यार्थ्याने पाहिलेला नसतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी ओढ्यावर नेले नाही, एवढेच.

शिक्षकांना वाटते, मुलांनी विचारलेले आपल्याला येणार नाही. ते खरे आहे, येणार नाही. चौकटीतल्या सगळ्या गवतांची नावे कुणालाच येत नाहीत. ‘मलाही माहीत नाही, पाहू या’ हे वाक्य वर्गात म्हणता आले, की पर्यावरणशास्त्राचा तास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पुन्हा बाटलीपाशी

मार्चमध्ये बाटलीकडे शेवटचे नीट पाहावे. जिला काळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवले होते ती दुसरी बाटलीही उघडावी. तिचा तळ काळा पडला असेल, पण हिरवा-जांभळा पट्टा नसेल, कारण त्या वस्त्यांना उजेड लागतो. खडू न घातलेल्या तिसरीत काळेपणाही कमी असेल. प्रत्येक बाटलीत एकच गोष्ट बदललेली, त्यामुळे फरक कशाने पडला हे मुले स्वतः सांगतात.

हेच थर बाहेर मोठ्या मापात आहेत. कोकणातल्या कांदळवनात पाय रुतला की येणारा वास आणि पायाला लागणारा काळा चिखल म्हणजे बाटलीचा तळच. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासून सांगितले, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. बाटलीतल्या जांभळ्या जिवाणूंपेक्षा ते वेगळे, पण ज्या मुलांनी सूक्ष्मजीवांना पाण्याचा रंग बदलताना पाहिले आहे, त्यांना लोणारच्या बातमीत चमत्कार शोधावा लागत नाही. आणि बाटलीच्या वरच्या हिरव्या थरासारख्याच जिवाणूंनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठवायला सुरुवात केली. आपला श्वास त्या कामावर चालतो.

पाणी कमी झाले की थोडे घालत राहावे, म्हणजे ही बाटली अनेक वर्षे टिकते. म्हणून ती वर्गाबरोबर पुढे जात नाही, खिडकीतच राहते. तिच्याजवळ शनिवारच्या चित्रांची वही ठेवावी. पहिल्या पानावर चिखल कुठून आणला ती जागा, तारीख आणि कालवणाऱ्यांची नावे असावीत. जूनमध्ये नवी मुले येतील, त्यांना आधी नुसते रंग दिसतील. वही उघडल्यावर कोणता रंग कोणत्या आठवड्यात आला ते कळेल. मग त्यांनी बादली उचलावी आणि या वेळी पलीकडच्या काठाचा चिखल आणावा.